तलफ पाटीवर येते, केंद्रात नाही: व्यसनमुक्तीसाठी व्हीआर वापरायचं तर दृश्यं कुठली घ्यावीत?

मांजराकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आणि मराठवाड्यातल्या माणसांशी बोलल्याशिवाय पुढे सरकणार नाही, म्हणून धागा काढतेय.

केंद्रात माणूस महिनाभर राहतो. अंगाची थरथर थांबते, जेवण जायला लागतं, झोप लागते. गटात बोलतो, बायको भेटायला आली की मान वर करून बोलतो. मग घरी निघतो. एस्टीतून गावच्या पाटीवर, म्हणजे मुख्य रस्त्यावरच्या फाट्यावर, उतरतो आणि पाटीवर हॉटेल असतं, हॉटेलच्या मागे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथून ओळखीची हाक येते. पाटीपासून घरापर्यंतच्या त्या दोन-तीन किलोमीटरांत आमचे किती पेशंट गळाले असतील, सांगवत नाही.

गाव म्हणतं, इच्छाशक्ती कमी पडली. मला ते पटत नाही. दारूची सवय शरीरासोबत जागेलाही लागलेली असते. तीच बाकडी, तीच वेळ, ग्लासाचा तोच आवाज, तीच दोन माणसं. वर्षानुवर्षं हे सगळं दारूसोबत आलं की नुसतं ते दिसल्यावरही मेंदू दारूची तयारी सुरू करतो. पावलोवच्या कुत्र्याचा प्रयोग शाळेत शिकलो, तोच हा नियम. केंद्रात तलफ येत नाही, कारण ती जागी करणारं तिथं काही नसतंच.

याचा एक मोठा दाखला व्हिएतनाम युद्धाचा. तिथं असंख्य अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पाठपुरावा केला. व्हिएतनाममध्ये व्यसनात अडकलेल्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा त्या गर्तेत गेलेले जेमतेम ५ टक्के निघाले. इतर कारणंही असतील, पण जागा बदलली हे त्यातलं मोठं. आमच्या पेशंटचं नेमकं उलटं होतं. तो बरा होतो परक्या जागी आणि परत जातो त्याच जागी.

इथं व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणारं आभासी जग, कामाला येऊ शकतं. पेशंट आमच्यासमोर खुर्चीवर बसलेला, पण डोळ्यांना आणि कानांना तो पाटीवर उभा आहे. तलफ उठते. ती शून्य ते दहात किती आहे ते तो सांगतो. आम्ही शेजारीच असतो. ती चढते, टोकाला जाते आणि न पिता ओसरते, हे त्याला स्वतःच्या अंगात अनुभवायला मिळतं. नाही कसं म्हणायचं, पाय कुठं वळवायचे, फोन कुणाला लावायचा, हे तिथल्या तिथं करून बघता येतं. भीतीच्या आजारांवर ही पद्धत जुनी आहे. उंचीच्या भीतीसाठी बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी अटलांटात केलेलं काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. व्यसनासाठी ह्यूस्टन विद्यापीठात पॅट्रिक बॉर्डनिक यांनी आभासी पार्ट्या उभ्या केल्या, वासासकट.

आमच्याकडे एका जुन्या पेशंटच्या मुलानं हेडसेट आणून दिला. आधी त्यात तयार मिळालेलं बारचं दृश्य लावलं. काचेचं काउंटर, निळे दिवे, इंग्रजी गाणं. चाकूरकडचे एक काका ते बघून म्हणाले, "ताई, हे पिक्चरमधलं झालं. इथं मला कोण पाजणार?" तलफ शून्य. मग आमच्या एका कार्यकर्त्यानं रस्त्यावरच्या एका साध्या हॉटेलाचं मोबाइलवर केलेलं शूटिंग त्यात टाकलं. पत्र्याचं शेड, लाकडी बाकडं, कढईत भजी, मागे ट्रकचा हॉर्न. दारू कुठंच दिसत नव्हती. काकांच्या तळहातांना घाम फुटला आणि त्यांनी स्वतःहून आकडा सांगितला, सात.

तेव्हापासून मला ठाम वाटतं की हे तंत्र इथं चालवायचं तर दृश्यं इथली लागतील, आणि ती कोणती ते आमच्यासारख्यांनी खोलीत बसून ठरवू नये. म्हणून विचारते. जे यातून गेलेत किंवा ज्यांच्या घरात हे घडलंय, त्यांनी सांगा: तलफ नेमकी कुठं येते, किती वाजता, सोबत कोण असतं, कानावर काय पडतं, खिशात काय असतं? शंका आणि विरोधही लिहा.

---

कयाधू

ताई, तळमळ पोचली, पण विरोध नोंदवतो. आमच्या हिंगोलीकडे माणूस दारू सोडायला तयार झाला तर त्याला न्यायचं कुठं हाच प्रश्न असतो. २०१९ चा केंद्र सरकारचा अहवाल बघा, एम्सनं केलेलं सर्वेक्षण. देशात दारूच्या त्रासासाठी मदत लागणारे ५.७ कोटी. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कसलेतरी उपचार मिळाल्याचं त्यात म्हटलंय. उरलेल्या ३७ जणांना हेडसेट नको आहे, जवळच्या दवाखान्यात बोलायला कुणीतरी बसलेलं हवंय.

आणि त्याचा पुरावाही आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना त्यांनी जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल यांचा तो अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. यंत्र नाही, वीज नाही. पैसा आधी तिकडे जाऊ दे.

---

बालाघाटचा_डॉक्टर

मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञ आहे. कयाधू, तुमचं म्हणणं रास्त आहे. फक्त गोव्याचा अभ्यास अजून पूर्ण अवलंबित न झालेल्या पिणाऱ्यांचा होता. ताईंकडे येतात ते त्यापुढे गेलेले. दोन्ही कामं लागतील.

आता व्हीआरबद्दल. पुरावा जसा आहे तसा मांडतो, कारण यावर फार गोड लिहिलं जातं.

तलफ जागी करणाऱ्या गोष्टी दाखवायच्या, दारू मात्र द्यायची नाही, आणि हळूहळू तो धागा ढिला पडू द्यायचा, ही कल्पना व्हीआरच्या आधीची आहे. पूर्वी खऱ्या बाटल्या, ग्लास, फोटो दाखवत. २००२ मध्ये कॉन्क्लिन आणि टिफनी यांनी तोवरचे अभ्यास तपासले आणि या पद्धतीनं व्यसन सुटायला मदत होते असा भक्कम पुरावा नसल्याचं लिहिलं. असं का व्हावं? व्हरमाँट विद्यापीठातल्या मार्क बॉटन यांच्या कामातून याचं उत्तर मिळतं. जुनी सवय पुसली जात नाही. तिच्यावर नवा धडा बसतो, आणि तो धडा जिथं शिकला त्या जागेला चिकटून राहतो. दवाखान्यात बाटलीसमोर शांत बसायला शिकलेला माणूस पाटीवर गेला की जुना धडा वर येतो.

म्हणूनच मला ताईंचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. दवाखान्याची खोली आणि पाटी यांतलं अंतर कमी करणं, हीच व्हीआरची खरी ताकद. बार्सिलोना विद्यापीठात गुतिएरेझ-माल्दोनादो यांच्या गटानं दारूसाठी जे बनवलं त्यात रेस्टॉरंट, बार, पब आणि घर अशा जागा आहेत. तिकडच्या पिणाऱ्याला त्या ओळखीच्या. इथं त्याच लावल्या तर चाकूरच्या काकांचा आकडा शून्यच येणार. आणि एका जागेवर थांबू नका. जागा बदला, वेळ बदला, सोबतची माणसं बदला. धडा जितक्या वेगवेगळ्या ठिकाणी गिरवाल तितका तो एका जागेत अडकायचा नाही.

व्हीआर दृश्यांनी तलफ खरोखर जागी होते हे आता अनेक अभ्यासांतून दिसलंय. पण तेवढ्यानं माणूस पुढची वर्षं दारूपासून लांब राहतो असं म्हणण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. त्यामुळे औषधं, समुपदेशन, गट, घरच्यांचा सहभाग हे सगळं ठेवून त्यात ही एक भर, एवढंच तिचं स्थान.

काही गोष्टी मात्र कळकळीनं सांगतो. दारू थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो, माणूस बरळतो, नसलेलं दिसतं. त्या काळात हेडसेट जवळही आणू नका. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व यांचे. ज्याला कधीही फिट आलेली आहे किंवा ज्याला भास होतात, त्याला माझ्या मते हे देऊच नये. वेगानं बदलणारी चित्रं आणि लखलखणारा प्रकाश फिटला निमंत्रण देऊ शकतो. आणि तलफ उठवून माणसाला तसाच घरी पाठवू नये. आकडा पुन्हा खाली येईपर्यंत बसवून ठेवा, चहा द्या, बोलत राहा, घरचं माणूस न्यायला येऊ द्या. संध्याकाळची बैठक तर नकोच. त्या वेळी घरी जाताना वाटेतली सगळी दुकानं उघडी असतात.

---

औशाचा_शेतकरी

ताई, मी औसा तालुक्यातला. दारू सोडलीय, टिकून हाय. तुम्ही विचारलात म्हणून सांगायलो.

गुत्त्यासमोरून जाताना मला आता काही होत नाही. तिथं मी आधीच सावध असतो. माझी तलफ मोंढ्यातली, म्हंजे धान्यबाजारातली. सोयाबीन घेऊन पहाटे टेम्पोत बसायचं, पोटात नुसता चहा. काटा होईस्तोवर दुपार टळते. मग आडत्याकडं पट्टी होते, हमाली-तोलाई कापून पैसे हातात येतात. भाव पडलेला असला की डोकं फिरलेलं, भाव बरा लागला की खुशी, आन दोन्हीवर आमच्याकडं एकच इलाज होता. संगं आलेले दोघं-तिघं म्हणणार, "चला, जेवून जाऊ."

हे ध्यानात घ्या. "पिऊ या" असं कुणी म्हणत नाही. जेवूनच जायचं असतंय. पोटात भूक, खिशात पैसा, बरोबर जिवाभावाची माणसं. त्याला नाही म्हणायचं म्हणजे त्यांच्या ताटाला नाही म्हणल्यावानी होतं. केंद्रात आम्हाला "दारूला नाही म्हणा" शिकवलं, ते बरोबरच. पण दारू समोर येईस्तोवर मी बाकड्यावर बसलेला असायचो, ऑर्डर गेलेली असायची. तवा कुठला नाही म्हणतोय माणूस. नाही म्हणायचं ठिकाण आडत्याच्या पायरीवरच हाय.

आता मी भाकरी बांधून नेतो, काट्याच्या रांगेतच खातो. पैसे खात्यावर टाकायला सांगतो, हातात भाड्यापुरते ठेवतो. आन टेम्पोवाल्याला आधीच सांगून ठेवलंय, पट्टी झाली की मला घेऊनच निघायचं.

तुमच्या त्या चष्म्यात बाटली दाखवू नका. आडत्याची पायरी दाखवा आन माणूस म्हणू द्या, "चला, जेवून जाऊ."

---

बालाघाटचा_डॉक्टर

औशाचे दादा, आम्ही विद्यार्थ्यांना जे शिकवायला धडपडतो ते तुम्ही नेमकं सांगितलंत. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञानं व्यसन पुन्हा कसं लागतं याचा आयुष्यभर अभ्यास केला. पुन्हा पिण्याच्या बऱ्याच आधी माणूस छोटे छोटे, वरवर निरुपद्रवी निर्णय घेत त्या जागेकडे सरकतो, हे त्याचं म्हणणं. उपाशी जाणं, रोख पैसे घेणं, परतीची सोय न करणं. दृश्याची सुरुवात पहाटेच्या टेम्पोपासून व्हावी असं मी सुचवेन.

---

आशाताई_गेवराई

आमच्या भागातून दसरा झाला की ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते तो दिवस आणि कारखान्याहून परत आल्यावर हिशोब होतो तो दिवस, हे दोन दिवस घ्या. उचलीचा पैसा येतो तेव्हा वर्षभराचं देणं समोर उभं असतं, आणि त्याच रात्री बसणं होतं. तिकडे फडावर तर थंडीत, अंग दुखतंय म्हणून, सगळ्यांनी मिळून घ्यायची पद्धतच. बायाही कधी घेतात, ते कुणी मोजत नाही. बायांसाठीचं दृश्य वेगळं लागेल, त्या पाटीवर बसत नाहीत, खोपीत बसतात.

पोळा, हळद, जागरण हेही धरा.

आणखी एक. टोळीतला माणूस दर आठवड्याला केंद्रात येणार कसा? तो सहा महिने गावातच नसतो.

---

दुधनाकाठची

मी परभणी जिल्ह्यातली. आमच्या मालकांचं पिणं मी सोळा आणे पाहिलंय, म्हणून लिहिते.

सगळे पाटी, मोंढा, ढाबा लिहितायत. माझ्या मते एक दृश्य घराच्या उंबऱ्याचं घ्या. मालक केंद्रातून आले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसलो. दुकानातून यायला उशीर झाला की मी दारात उभी, तोंडाचा वास घ्यायला. सासूबाई म्हणायच्या, "कुठं होतास एवढा वेळ?" लेकरं गप्प होऊन आत जायची. ते प्यायलेले नसायचे, आणि आमच्या नजरा मात्र पिऊन आल्यासारख्याच. एकदा ते म्हणाले, "तुम्ही धरूनच चाललाय तर पितोच." त्या दिवशी गेले आणि प्यायले.

मी त्यांना माफ करून बोलत नाहीये. पिणाऱ्यानं घर कसं पोखरलेलं असतं ते पिणाऱ्याच्या बायकोलाच माहीत, आणि नजर एका महिन्यात बदलत नसते. पण तुमच्या यंत्रात उंबरा दाखवता येत असेल तर दोघांना दाखवा. त्यांना, म्हणजे त्या प्रश्नावर उठून न जाता उत्तर द्यायला शिकतील. आणि आम्हाला त्यांच्या जागेवरून, म्हणजे दारात उभी असलेली मी कशी दिसते ते कळेल. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, त्याबद्दल वाचलं तेव्हापासून वाटतं की असं काही आपल्याकडे तालुक्याच्या गावी हवं.

दुसरं, आम्ही गावात आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करायच्या मतदानासाठी, फिरलोय. २००८ च्या नियमानुसार २५ टक्के बायांच्या सह्या गोळा करायच्या, मग मतदान, आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत द्यायचं. मजुरीला गेलेल्या बायांना मतदानाच्या दिवशी परत आणणं किती अवघड असतं ते केलेल्यालाच कळतं. दुकान बंद झालं, मग मोटरसायकलवर पिशव्या यायला लागल्या. तरी लेकरांच्या वाटेवरचं दुकान गेलं हे आम्हाला लाखमोलाचं. तलफ आवरायला शिकवा, जरूर शिकवा. पण त्यामुळे दुकान शाळेजवळ राहिलं तरी चालेल असं कुणी म्हणू नये.

---

मांजराकाठ

दुधनाकाठच्या ताई, उंबऱ्याचं दृश्य मी यादीत घेतलं. दोघांना दाखवायचं हे मला सुचलंच नसतं.

एक विचारू का? पेपरात 'न सांगता दारू सोडवा' अशा पावडरींच्या जाहिराती येतात, तुमच्याकडे कुणी वापरतं का? आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत ती आधी देऊन झालेली असते.

---

दुधनाकाठची

वापरतात की. मीही भाजीत घालून दिली होती. मालकांना रात्री इतक्या उलट्या आणि धडधड झाली की आम्ही घाबरून रिक्षा काढली.

---

बालाघाटचा_डॉक्टर

कृपया कुणीही असं करू नका. दारूशी वैर करणारं डायसल्फिराम नावाचं औषध खरंच आहे आणि अशा पावडरीत ते मिसळलेलं असू शकतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. ते द्यायचं तर पेशंटला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधंही आहेत, डॉक्टरांना विचारा. जवळ कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, दोन्ही फोन मोफत आहेत.

---

वेरूळ_वाट

छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. विद्यार्थ्यांसोबत व्हीआरवर काम केलंय, म्हणून तांत्रिक बाजू लिहितो. ताई, तुम्हाला महागडी आभासी गावं बनवायची गरज नाही. चहूबाजूंचं एकदम टिपणारा ३६० अंशांचा कॅमेरा लागेल, आणि सगळं आतच असलेला, संगणकाला न जोडता चालणारा हेडसेट, जो तुमच्याकडे आहेच. बाकी सगळी करामत शूटिंग कसं करता यात आहे.

कॅमेरा हलवू नका. डोळ्यांना आपण चालतोय असं वाटतं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण बसलोय. या भांडणात मळमळ सुरू होते. दारू नुकती सुटलेल्याचं पोट तसंही नाजूक, तो ओकला तर दुसऱ्यांदा हेडसेट लावणार नाही. टेम्पोतला प्रवास हवाच असेल तर नुसता आवाज द्या, चित्र मोंढ्यात उतरल्यावर सुरू करा. पेशंट खुर्चीवर बसून बघणार असेल तर कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, साधारण चार फुटांवर. उभ्या माणसाच्या उंचीवर लावलात तर बसलेल्याला आपण हवेत तरंगतोय असं वाटतं.

आवाजाकडे चित्राइतकंच लक्ष द्या. वेगळा माइक वापरा. "चला, जेवून जाऊ" हे डाव्या खांद्यामागून आलं पाहिजे, पडद्यावरच्या नटासारखं समोरून नको. पेशंट मान वळवून बघतो त्या क्षणी तो खरोखर तिथं पोचलेला असतो.

अशा चित्रीकरणाची एक मर्यादा आहे. पेशंट काय बोलला त्याप्रमाणे समोरचा माणूस वेगळं बोलणार नाही. त्यावर सोपा मार्ग म्हणजे एकाच जागेचे तीन तुकडे करणं: पहिल्या नकारानंतर समोरचा गप्प बसतो तो, आग्रह करतो तो, आणि रागावून टोमणा मारतो तो. समुपदेशकानं पेशंटचं बोलणं ऐकून पुढचा तुकडा लावायचा.

खऱ्या गिऱ्हाइकांचं शूटिंग अजिबात करू नका. छोट्या गावात एक चेहरा दिसला तरी त्या माणसाचं नाव खराब होतं. ओळखीतली, न पिणारी मंडळी घ्या, त्यांच्या लेखी संमत्या घ्या, मालकाची परवानगी घ्या. पेशंटनं सांगितलेले आकडे आणि नोंदी कुठल्याही ॲपच्या खात्यात चढवू नका, वहीत ठेवा.

आणि उन्हाळा. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हेडसेट तापून बंद पडतो, घामानं काच धुरकट होते. सकाळी लवकर वापरा, प्रत्येकानंतर पुसा, चेहऱ्याला लागणारी गादी बदलती ठेवा. लाइट गेली तरी चार्ज असेपर्यंत चालेल.

---

टीव्ही_सेंटर_कट्टा

सगळं दारूवर चाललंय, पण शहरात आमच्या वयाच्या पोरांत 'बटन' आहे. झोपेच्या गोळ्या. माझा एक मित्र त्यात अडकलाय. त्याला पाटी नाही, मोंढा नाही. त्याची तलफ मोबाइलवर येते, एका नंबरवरून मेसेज आला की हातपाय हलायला लागतात. त्यानं अचानक सगळं बंद करायचं ठरवलंय, या सोमवारपासून. व्हीआरचा त्याला उपयोग होईल का?

---

बालाघाटचा_डॉक्टर

आधी तातडीचं. त्याला सोमवारी अचानक बंद करू देऊ नकोस. या गोळ्या बरेच दिवस घेतल्यावर एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते. डोस टप्प्याटप्प्यानं उतरवावा लागतो, आणि ते डॉक्टरच करतात. घाटीच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, मनोविकार विभागाच्या ओपीडीत त्याला घेऊन जा, तू सोबत जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे त्रास मानसिक आजारातच धरले आहेत, म्हणजे उपचार आणि गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. कुणाला कळेल या भीतीनं थांबू नका.

मेसेजचं म्हणशील तर ते खरंच आहे, आजच्या मुलांची पाटी फोनमध्ये असते. त्यासाठी हेडसेट लागत नाही. नंबर बदलणं, जुने ग्रुप सोडणं, खात्यातले पैसे काही दिवस घरच्यांकडे देणं, यानं सुरुवात करा.

---

टीव्ही_सेंटर_कट्टा

धन्यवाद सर. उद्याच नेतो.

---

कयाधू

सगळं वाचलं. माझा आग्रह सोडत नाही, पण एक बदल सुचवतो. औशाच्या दादांनी सांगितलेलं "नाही म्हणायचं ठिकाण आडत्याच्या पायरीवर आहे" हे समजायला हेडसेट लागला नाही, विचारावं लागलं. तर ताई, ही सगळी दृश्यं तुम्ही गोळा करताय ती कागदावरही उतरवा. ज्या आरोग्य केंद्रात यंत्र पोचणार नाही तिथल्या समुपदेशकाला तो कागद द्या. तो पेशंटसमोर बसून स्वतःच म्हणेल, "चला, जेवून जाऊ." नाटक करून सराव घेता येतो. गेवराईच्या ताईंच्या टोळीलाही तेच चालेल, मुकादमाच्या ट्रकमध्ये हेडसेट जाणार नाही, पण उचलीच्या आठवड्यात गावात एक बैठक होऊ शकते.

---

मांजराकाठ

कयाधू, हे मी मनापासून स्वीकारते. आधी कागद, मग कॅमेरा. प्रत्येक दृश्याचं एक पान: जागा, वेळ, पोटाची आणि खिशाची स्थिती, सोबतची माणसं, नेमकं वाक्य, आणि तिथून निघायची वाट. आशाताई, उचलीच्या दिवसाचं आणि खोपीचं पान तुम्ही सांगाल तसं लिहीन, बायांच्या शब्दांत.

शूटिंगची सुरुवात मोंढ्यापासून. वेरूळ_वाट सरांनी कॅमेरा घेऊन यायचं कबूल केलंय. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे एकच मोंढा तीन वेळा घेऊ: भाव चांगला लागलेला दिवस, पडलेला दिवस, आणि पट्टी उद्यावर गेली म्हणून मुक्काम पडलेला दिवस. त्यानंतर पाटी आणि उंबरा. हेडसेटमध्ये येणारा प्रत्येक पेशंट आधी डॉक्टर तपासतील, फिटचा इतिहास विचारूनच पुढे. बैठक सकाळची, घरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सोडायचं नाही. नको म्हणणाऱ्याला आग्रह करायचा नाही.

औशाचे दादा, "चला, जेवून जाऊ" हे तुमच्या आवाजात मिळेल का? तुम्ही लिहिलंत ते वाचतानाच कानात वाजलं.

---

बालाघाटचा_डॉक्टर

ताई, दादांनी ते मोंढ्यात, आडत्याच्या पायरीवर उभं राहून वीस वेळा म्हणावं असं मला वाटत नाही. त्यांचं टिकलेलं आहे, त्याला ताण कशाला द्यायचा. दुसरं कुणी बघा.

---

औशाचा_शेतकरी

डॉक्टर बरोबर सांगायलेत. त्या पायरीवर मी थांबतच नाही, ती सवय मोडायची नाही मला. माझा चुलतभाऊ कधी पीत नाही, आवाज माझ्यासारखाच हाय, त्याला पाठवतो. तुम्ही घेतलेलं मला फोनवर पाठवा, घरी बसून ऐकतो आन खरं वाटतंय का ते सांगतो. दिवाळीच्या गर्दीत येऊ नका, काट्याला रांग असती, कुणी उभं राहू देणार नाही. गर्दी ओसरल्यावर या.

---

मांजराकाठ

चालेल दादा. भावाचा नंबर इथं टाकू नका, मला खासगी निरोपातून द्या. सरांना तारीख कळवते.